डिस्नेच्या हद्दीत बांधकामाचं परमिट: नव्या सॉफ्टवेअरमागची जुनी गोष्ट

फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या हद्दीत बिल्डिंग परमिटचं सॉफ्टवेअर नवं करायचं म्हटलं की बहुतेकांना वाटतं हा साधा आयटी प्रोजेक्ट आहे, जुना सर्व्हर काढायचा, क्लाऊडवर जायचं, संपलं. पण तिथे परमिट देणारं ऑफिस मुळात कोणी आणि कशासाठी उभं केलं हे माहीत नसेल तर या कामातली खरी गोची लक्षातच येत नाही.

१९६०च्या दशकाच्या मध्यात वॉल्ट डिस्ने यांनी ऑरलँडोजवळ वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने, कोणाला पत्ता न लागू देता, साधारण २७ हजार एकर जमीन घेतली. बरीचशी दलदलच, ना रस्ते ना ड्रेनेज. त्यांच्या डोक्यात फक्त पार्क नव्हता, एपकॉट नावाचं २० हजार लोकवस्तीचं प्रयोगशील शहर वसवायचं होतं, आणि प्रयोग करायचा तर प्रत्येक नव्या मटेरियलसाठी काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्हा प्रशासनासारख्या यंत्रणेच्या) दारात कोण उभं राहणार! डिसेंबर १९६६ मध्ये ते गेले, ते शहर कधी झालंच नाही, पण कंपनीने स्वतःच्या कारभाराची मागणी सोडली नाही, आणि १२ मे १९६७ रोजी गव्हर्नर क्लॉड कर्क यांच्या सहीने रीडी क्रीक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या जमिनीपुरतं वेगळं स्थानिक सरकार, कायद्याने अस्तित्वात आलं. रस्ते, पाणी, अग्निशमन, कर्जरोखे, स्वतःचा बिल्डिंग कोड, आणि अणुवीज केंद्र उभारायची मुभासुद्धा त्या कायद्यात होती. आपल्याकडे एमआयडीसी आपल्या हद्दीत बांधकाम परवानगी स्वतःच देते ना, साधारण तसं समजा, पण इथे बोर्डावरचे पाच जण जमीनमालक निवडायचे, एका एकराला एक मत, आणि बहुतेक सगळे एकर डिस्नेचे. म्हणजे अर्ज करणारा आणि मंजुरी देणाऱ्या बोर्डाला निवडून देणारा एकच. माझ्या मते पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

तरी ते ऑफिस नुसता शिक्का मारणारं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारण समोर येणारी कामंच विचित्र होती. सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट उंच, बघताना दगडाचा वाटतो पण आतून स्टील, काँक्रीट आणि वर फायबरग्लास, विटेचा तुकडा नाही. कंटेम्पररी रिसॉर्ट या हॉटेलच्या खोल्या दुसरीकडे तयार करून क्रेनने उचलून स्टीलच्या सांगाड्यात सरकवल्या, म्हणजे इन्स्पेक्शन करायचं ते खोली जिथे बनते तिथे की जिथे बसते तिथे? एक्स्पिडिशन एव्हरेस्ट या राईडमध्ये तर खोटा डोंगर, रोलर कोस्टरचा ट्रॅक आणि आतला यांत्रिक यती हे तीन वेगवेगळे स्ट्रक्चर, एकमेकांना न टेकणारे, आणि उंची २०० फुटांच्या जरा आतच ठेवलेली कारण त्यापुढे विमानांसाठी लाल दिवा लावायची पाळी येते. असल्या गोष्टींसाठीच तर एपकॉट बिल्डिंग कोड म्हणून वेगळे नियम केले गेले.

आता हे बाजारात मिळणाऱ्या परमिट सॉफ्टवेअरमध्ये बसवून बघा. ती सॉफ्टवेअर्स बनलेली असतात नेहमीच्या शहरासाठी, पहिलाच प्रश्न पत्ता काय आणि पार्सल नंबर (जमिनीच्या तुकड्याचा नंबर) काय, मग घर की दुकान, मग किती मजले. शहरात एका प्लॉटवर एक घर असतं म्हणून हे चालतं, पार्कमध्ये मात्र एकाच मोठ्या पार्सलवर कितीतरी राईड, दुकानं, किचन, शो बिल्डिंग उभ्या असतात, आणि डिस्ट्रिक्ट ऑरेंज आणि ऑसिओला अशा दोन काउंट्यांत पसरलेलं असल्यामुळे पार्सल नंबरही दोन ठिकाणचे. म्हणून नव्या सिस्टीमचं खरं काम स्क्रीन सुंदर करणं नाही, प्रत्येक इमारतीला तिची स्वतःची ओळख देऊन जुन्या ड्रॉइंग, शेरे आणि इन्स्पेक्शनचे रेकॉर्ड तिच्याशी जोडणं आहे, आणि ते चुकलं तर उद्या आगीच्या वेळी कोणत्या भिंतीमागे काय आहे हे शोधत बसावं लागेल.

दुसरी बाजू गुप्ततेची. फ्लोरिडात कायद्याने सरकारी कागद लोकांना बघता येतात, बांधकाम सुरू होताना काउंटीकडे नोंदवायची नोटीस तर डिस्नेचे चाहते रोज चाळतात आणि कुठे काय होणार याचे अंदाज बांधतात. पण करमणुकीच्या जागांचे आतले नकाशे त्याच कायद्याने उघड करायचे नसतात. म्हणजे एकाच फाईलमधला अर्ज जनतेला दिसला पाहिजे आणि प्लॅन दिसता कामा नये. कागदाच्या जमान्यात क्लार्क हे हाताने वेगळं करायचा, आता ते परवानग्यांच्या सेटिंगमध्ये नीट बसलं पाहिजे.

मग आलं राजकारण. शाळांमध्ये लैंगिक कल आणि लिंग-ओळख यांबद्दल शिकवण्यावर मर्यादा घालणाऱ्या राज्याच्या कायद्याला डिस्नेने विरोध केला, गव्हर्नर डिसँटिस भडकले, एप्रिल २०२२ मध्ये डिस्ट्रिक्ट बरखास्त करायचा कायदा झाला, पण बरखास्ती प्रत्यक्षात आली नाही, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याऐवजी नाव बदलून सेंट्रल फ्लोरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट केलं आणि बोर्डावरचे पाचही जण गव्हर्नरने नेमायचे ठरलं. कोर्टकचेरी झाली, मार्च २०२४ मध्ये राज्याच्या कोर्टातल्या दाव्यांवर तडजोड झाली. या भांडणात कोण बरोबर हा वेगळा विषय. परमिटच्या टेबलावर मात्र फरक मोठा पडला. आधी अर्जदार आणि बोर्ड एकाच बाजूचे, त्यामुळे बऱ्याच गोष्टी समजुतीवर चालल्या असतील तरी कोणाचं अडत नसेल. आता दोन्हीकडे वेगळे लोक, आणि फाईल कोणत्या तारखेला आली, स्ट्रक्चरलवाल्याने काय शेरा मारला, फायरकडे किती दिवस पडून राहिली, याची नोंद दोघांनाही हवी. तारखेनिशी इतिहास ठेवणारी सिस्टीम इथे दोघांचंही संरक्षण करते. शिवाय तिथे फक्त डिस्नेच बांधत नाही, हद्दीत इतर मालकांची हॉटेलं आहेत, बाहेरचे इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचे कॉन्ट्रॅक्टर आहेत, आणि आपली फाईल कुठे अडली हे ऑनलाइन कळलं तर सगळ्यात जास्त फायदा या छोट्या माणसांचा आहे, मोठ्या कंपनीकडे फोन करायला माणसं असतातच.

घाई का, तर जून २०२४ मध्ये नवा डेव्हलपमेंट करार झाला, १५ वर्षांचा, डिस्नेची गुंतवणूक १७ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकते आणि पाचव्या मोठ्या थीम पार्कलाही जागा ठेवलेली आहे. त्यातली प्रत्येक भिंत, प्रत्येक वायर, प्रत्येक खोटा डोंगर याच परमिट ऑफिसातून जाणार आहे.