ग्रिलची आच मंद, म्हणजे सिलिंडर रिकामा?

"गॅस ग्रिलची आच मंदावली की सिलिंडर संपला," असं सांगितलं जातं. दरवेळी तसं नसतं. आधी वजन करा. अमेरिकेतल्या सिलिंडरच्या कड्यावर 'टीडब्ल्यू'पुढे रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. ते वजा करून उरेल तो गॅस.

गॅस आहे, तरी आच मंद? तिथे सिलिंडर ग्रिलला जोडतात त्या जोडणीत, गळती झाल्यास गॅसचा प्रवाह रोखणारी सोय असते. बर्नरची बटणं उघडी असताना सिलिंडर चालू केला की तिला तीही गळतीच वाटते. ग्रिलचं झाकण उघडा, सिलिंडर बंद करा, बटणं मिनिटभर उघडी ठेवून दाब जाऊ द्या, मग बंद करा. जोडणी सोडवून पुन्हा घट्ट बसवा. सिलिंडर अगदी सावकाश उघडा (घाई केली की पुन्हा तेच). सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पेटवू नका.