मधुमेही रुग्णांच्या समाधानाचे मापन (प्राथमिक आरोग्यसेवा, गोवा)

मधुमेह असलेल्या व्यक्तीला तिच्या नेहमीच्या दवाखान्यातील डॉक्टर आणि नर्स यांच्या कामाविषयी, बोलण्याविषयी आणि वागण्याविषयी काय वाटते, ते ठरावीक प्रश्न विचारून अंकांत मांडण्याची पद्धत. रुग्णांचे समाधान इतर आजारांतही मोजतात. मधुमेहात त्याला वेगळे वजन येते ते आजाराच्या लांबीमुळे. अपेंडिक्सचा रुग्ण टाके निघाले की डॉक्टरांना विसरतो. मधुमेही माणूस वीस-पंचवीस वर्षे एकाच केंद्राची पायरी चढतो. वर्षाकाठी चार-सहा भेटी, प्रत्येक भेट काही मिनिटांची. बाकीचे सगळे दिवस गोळ्या, जेवण, चालणे आणि पायांची निगा त्याची त्यालाच सांभाळायची असते. भेटीत काही खटकले तर तो सहसा भांडत नाही, पुढच्या तारखेला यायचे टाळतो. एचबीएवनसी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते. पण ती करून घ्यायलाही माणूस आधी केंद्रात यावा लागतो.

गोव्यातील स्थिती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात 11.4 टक्के, तर गोव्यात 26.4 टक्के आढळले. पाहणीतील राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत हा आकडा सर्वांत मोठा होता. पुदुच्चेरी आणि केरळ त्याच्या पाठोपाठ होते. म्हणजे वीस वर्षांवरील दर चार गोमंतकीयांमागे एक मधुमेही. चतुर्थीच्या नेवऱ्या (करंज्या) कुणी किती खाव्यात हा प्रश्न आता जवळपास प्रत्येक घरात निघतो, त्याचे कारण या आकड्यात आहे.

या रुग्णांतील मोठा वर्ग प्राथमिक आणि सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे बोलीतल्या ‘हेल्थ सेंटर’मध्ये जातो, गुंतागुंत झाली की म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय आणि शेवटी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. या महाविद्यालयाच्या समाजवैद्यक विभागाची मंडूर येथे ग्रामीण आणि सांताक्रूझ येथे शहरी आरोग्य केंद्रे आहेत. देशभर घरोघरी फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्यांच्या योजनेतून गोवा बाहेर राहिला. त्यामुळे इतर राज्यांत जे काम आशाताईंकडे जाते त्यातला बराच भार इथे नर्स आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर येतो, आणि रुग्णाच्या मनात ‘दवाखाना’ म्हणून जो चेहरा असतो तो बरेचदा सिस्टरचा असतो. गोव्यासाठी बनवलेल्या प्रश्नावलीत नर्सला शेवटच्या दोन ओळींत उरकून चालणार नाही, ते यामुळे.

मापनपट्ट्या

अशा पट्ट्यांचा, म्हणजे गुण देऊन मत मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचा, पाया अमेरिकेत घातला गेला. बार्बरा हल्का आणि सहकाऱ्यांनी 1970 मध्ये डॉक्टर व प्राथमिक वैद्यकीय सेवा यांविषयीचा लोकांचा दृष्टिकोन मोजणारी पट्टी मांडली. डॉक्टरांचे व्यावसायिक कौशल्य, त्यांचे माणूस म्हणून गुण, आणि खर्च व सोय असे तिचे तीन भाग होते. नर्सच्या वाट्याला स्वतंत्र पट्टी आली ती 1975 मध्ये. नॅन्सी रिसर यांनी प्राथमिक सेवेतील नर्ससाठी 25 विधानांची पट्टी केली. तिच्यात तांत्रिक कामाबरोबर शिकवणे आणि विश्वास हे दोन निराळे पैलू होते. मधुमेहाच्या दृष्टीने ही विभागणी फार नेमकी आहे. इन्शुलिनची सुई पोटाला कशी टोचायची, एकाच जागी पुनःपुन्हा का टोचायची नाही, हे शिकवणे एक. आणि ‘काल बारशाला दोन लाडू खाल्ले’ हे रुग्णाने न घाबरता सांगावे इतका विश्वास असणे दुसरे. पहिले जमलेल्या नर्सला दुसरे जमेलच असे नाही.

आज जास्त वापरात असलेली सर्वसाधारण पट्टी म्हणजे 1994 ची पीएसक्यू-18. अठरा विधाने, सात विषय: एकूण समाधान, तांत्रिक दर्जा, वागणूक, संवाद, पैसा, डॉक्टरांनी दिलेला वेळ आणि सेवा मिळण्यातील सोय. मधुमेहासाठी क्लेअर ब्रॅडली यांची डीटीएसक्यू (मधुमेह-उपचार समाधान प्रश्नावली) जगभर चालते. तिच्यात आठ प्रश्न आहेत. प्रत्येकाला 0 ते 6 गुण, त्यांपैकी सहा प्रश्नांची बेरीज 36 पर्यंत जाते आणि उरलेले दोन साखर फार वाढल्याचे वा फार उतरल्याचे किती वेळा जाणवले ते विचारतात. मात्र ती उपचारांबद्दलचे समाधान मोजते, डॉक्टर-नर्सबद्दलचे नव्हे. गोळ्या लागू पडलेल्या रुग्णाला डॉक्टर तुसडे वाटू शकतात, आणि डॉक्टरांवर जीव असलेल्या रुग्णाची साखर तीनशेच्या खाली येत नाही असेही दिसते. डीटीएसक्यू भरून घेऊन ‘रुग्ण आमच्या कर्मचाऱ्यांवर खूष आहेत’ असा निष्कर्ष काढणे ही सरळ चूक आहे. तिसरे साधन म्हणजे 2005 ची पेसिक ही वीस प्रश्नांची यादी. दीर्घकालीन आजारात दवाखान्याने रुग्णाला उद्दिष्ट ठरवण्यात सहभागी केले का, पुढे पाठपुरावा केला का, अशा घडलेल्या गोष्टी ती विचारते.

‘समाधान’ हा शब्द

मराठीत अशी प्रश्नावली करताना पहिली ठेच इथेच लागते. समाधान हा आपल्याकडे सद्गुण आहे. ‘समाधान मानून घेणे’ म्हणजे मिळाले तेवढ्यात भागवणे. ‘समाधानी माणूस’ ही स्तुती आहे आणि ‘असमाधानी’ म्हणजे कटकट्या. ‘डॉक्टरांच्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’ असे विचारले की साठीच्या बाईला तो प्रश्न स्वतःच्या स्वभावाबद्दलचा वाटतो. तिने ‘हो’ म्हटले, त्यातून डॉक्टरांबद्दल काही कळलेच असे नाही.

त्यात गोव्याची भाषेची घडण वेगळी. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत असंख्य घरे अशी आहेत की वर्तमानपत्र, आरत्या आणि नाटक मराठीत, पण चुलीपुढचे बोलणे कोकणीत. दुखणे कोकणीतच सांगितले जाते. छापलेली प्रश्नावली मराठी, विचारणारी सिस्टर कोकणीत विचारणार, रुग्ण कोकणीत उत्तर देणार आणि खूण पुन्हा मराठी चौकटीत पडणार. अधल्यामधल्या या भाषांतराची कुणी तपासणी केलेली नसते. एक सिस्टर ‘समजावून सांगतात’ याचे ‘समजायतात’ करील, दुसरी नुसते ‘सांगतात’. दोन केंद्रांच्या गुणांतला फरक एवढ्यानेही पडू शकतो. भाषांतर करून घ्यायचे, दुसऱ्याकडून ते मूळ भाषेत उलटवायचे आणि दोन्ही ताडून पाहायची, ही रूढ रीत आहे. गोव्यात तिला एक पायरी जोडावी लागते: तोंडी कोकणी रूपही आधीच ठरवून लिहून ठेवायचे. दक्षिण गोव्यातील रोमी (रोमन) लिपीत कोकणी वाचणारे आणि वास्को परिसरातील कन्नड व हिंदी भाषक यांची सोय निराळी करावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

बाकावरचा प्रसंग

मापन कागदावर कितीही काटेकोर असले तरी ते घडते ते ओपीडीबाहेरच्या बाकावर. मधुमेहाच्या ठरलेल्या वारी सकाळी आठपासून नंबर लागतात. उपाशीपोटीची साखर द्यायची म्हणून घरून पेज न घेता आलेली माणसे असतात. पिशवीत केसपेपर, मागच्या महिन्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि रक्त दिल्यावर खायला फडक्यात गुंडाळलेली पोळी. बोट टोचून झाले, डॉक्टरांनी पाहिले, औषधाच्या खिडकीपुढची रांग बाकी आहे, अशा वेळी तक्तीला कागद लावलेली मुलगी शेजारी येऊन बसते. ‘मावशी, पाच मिनिटं. डॉक्टर तुमचं नीट ऐकून घेतात का? पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत...’ मावशी चौकटींकडे पाहतही नाही. ‘दोतोर बरो आसा गो.’ पुढच्या अकरा प्रश्नांना तेच उत्तर. मुलगी ‘पूर्ण सहमत’च्या रकान्यात उभी रेघ ओढून मोकळी होते.

या एका प्रसंगात मापनातले बहुतेक दोष जमा आहेत. बाई उपाशी आहे आणि तिची बस निघायची आहे. डॉक्टरांची खोली चार हातांवर, दार उघडे. विचारणारी मुलगी केंद्राचीच, आणि औषधे अजून हातात पडायची आहेत. गावातल्या ओळखीच्या माणसाबद्दल वावगे बोलू नये हा संकोच तर असतोच. अशाने गुण वरच्या टोकाला जाऊन चिकटतात, आणि मग सेवा खरोखर सुधारली तरी आकडा आणखी वर सरकायला जागा उरत नाही. ब्रॅडली यांनी डीटीएसक्यूचे ‘बदल’ मोजणारे दुसरे रूप काढले ते याच अडचणीवर.

उपाय माहीत नाहीत असे नाही. विचारणारा माणूस केंद्राबाहेरचा असावा, मुलाखत औषधे मिळाल्यानंतर किंवा घरी व्हावी, काही विधाने उलटी लिहावीत म्हणजे उभी रेघ ओढलेली पकडता येते. उलट्या विधानांचाही त्रास आहे. ‘डॉक्टर माझ्याकडे लक्ष देत नाहीत हे खरे नाही’ असले दुहेरी नकाराचे वाक्य चांगल्या शिकलेल्या माणसालाही गोंधळात टाकते. पाच शब्दांच्या पायऱ्यांपेक्षा ‘रुपयात किती आणे?’ असे विचारले तर जुनी माणसे चटकन सांगतात, ‘बारा आणे’. आण्याचा हिशेब जाऊन इतकी वर्षे झाली तरी जीभ तो विसरलेली नाही. अशी घरगुती पट्टी वापरायची झाली तर तिची विश्वासार्हता आधी तपासायला हवी, एवढे भान मात्र ठेवावे. क्रोनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, 0.7 च्या वर आला की प्रश्न जुळतात असे सामान्यतः धरतात. पण प्रत्येकाने डोळे मिटून सगळ्या प्रश्नांना आपले एकच उत्तर दिले तरी तो छान येतो, हे अहवालांत सहसा लिहिलेले नसते.

वाटले काय आणि घडले काय

समाधान अपेक्षेवर ठरते. ज्याने आयुष्यात कधी डॉक्टरांना प्रश्न विचारला नाही, त्याला दोन मिनिटांची तपासणीही पुष्कळ वाटते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह बारा अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील अभ्यासात लोकांना निकृष्ट सेवेची कल्पित वर्णने वाचायला दिली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी ती ‘चांगली’ किंवा त्याहून वरची ठरवली. उलट बाजूचा इशारा 2012 च्या एका अमेरिकी अभ्यासाने दिला: तिथे अधिक समाधानी रुग्णांवरचा खर्च जास्त होता आणि मृत्यूचे प्रमाणही जास्त. त्यातून समाधान घातक ठरत नाही, पण केवळ त्या आकड्यावर डॉक्टरांचे मूल्यमापन करणे अवघड होते. आंबा बंद करायला सांगणाऱ्या डॉक्टरांना मे महिन्यात गुण कमीच मिळणार.

म्हणून अलीकडे मताऐवजी घटना विचारण्याकडे कल आहे. ‘पायांच्या तपासणीबद्दल समाधानी आहात का?’ याला उत्तर ‘हो’ येते. ‘गेल्या वर्षभरात कुणी तुम्हाला चप्पल काढायला लावून तळपाय पाहिले का?’ असे विचारले की माणूस थांबतो, आठवतो आणि खरे सांगतो. शेतात, कुळागरात (सुपारीच्या बागेत) अनवाणी वावरणाऱ्याच्या पायाला संवेदना उरली आहे का, हे दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने मिनिटभरात कळते. ते झाले की नाही हे रुग्णच सांगू शकतो. तसेच: साखर एकदम उतरली तर काय करायचे ते कुणी सांगितले का, डोळ्यांच्या तपासणीला पाठवले का, आज मोजलेला आकडा तुम्हाला सांगितला का. या प्रश्नांत डॉक्टर आणि नर्स आपोआप वेगळे होतात, कारण प्रत्येक काम कुणी केले ते विचारता येते. खुद्द समाधानाचा प्रश्न शेवटी एखादाच ठेवावा आणि त्यापुढे कोरी जागा. तिथे ‘सिस्टर चार लोकांत वजनावरून बोलली’ असे एक वाक्य येते, आणि कोणत्याही सरासरीपेक्षा केंद्रप्रमुखाला ते जास्त उपयोगी पडते.

केंद्र सरकारने 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘मेरा अस्पताल’मध्ये एसएमएस, फोन, अ‍ॅप आणि संकेतस्थळ यांवरून रुग्णांचे अभिप्राय घेतले जातात. दवाखान्याच्या भिंतींबाहेर विचारले जाते हा त्याचा फायदा. नोंदवलेला नंबर मुलाचा आणि मुलगा आखातात किंवा बोटीवर, ही त्याची गोव्यातली अडचण.

कोणाला विचारले जाते

बाकावर बसलेला प्रत्येक जण आलेला रुग्ण असतो. जो दोनदा येऊन थांबला, खाजगी डॉक्टरांकडे वळला, किंवा कुणीतरी सांगितलेला काढा घेत घरी बसला, त्याचे मत या मोजणीत येत नाही. आणि नाराजी तर बहुधा त्याच्याचकडे असते. त्याला गाठायचे तर केंद्राच्या मधुमेह नोंदवहीतून सहा महिने न आलेल्यांची नावे काढावी लागतात आणि घरी जावे लागते. हे काम वेळखाऊ आहे, आणि जायचे तर पुन्हा त्याच आरोग्य कर्मचाऱ्यांना, ज्यांच्याबद्दल विचारायचे आहे. एका तालुक्यातील केंद्राचे कर्मचारी शेजारच्या तालुक्यात पाठवणे हा त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग.