शैक्षणिक परिभाषा : काराकाल्पाक आणि इंग्रजी

काराकाल्पाक ही उझबेकिस्तानातील काराकाल्पाकस्तान या स्वायत्त प्रजासत्ताकाची, तुर्की कुलाच्या किपचाक शाखेतील आणि कझाखला अगदी जवळची भाषा होय. तिची शैक्षणिक परिभाषा इंग्रजीशेजारी ठेवली, तर शिकण्याच्या क्रियेचे शब्द दोन्हीकडे बहुतांशी घरचे आणि संस्थांची नावे बाहेरची, असे आढळते.

काराकाल्पाकमधील ‘ओकी’ या धातूचा अर्थ वाचणे आणि शिकणे असा दुहेरी आहे. त्यावरून ‘ओकिवशी’ म्हणजे विद्यार्थी, आणि धातूला प्रयोजक प्रत्यय लागून ‘ओकितिवशी’ म्हणजे शिक्षक; मराठीत ‘शिकणे’वरून ‘शिकवणे’ होते, तशीच ही घडण आहे. इंग्रजीत ‘लर्न’ आणि ‘टीच’ हे धातू मात्र वेगळे असून ‘टीच’चा मूळ अर्थ दाखवणे असा होता. ‘लेक्चर’ हा लॅटिनमधून आलेला शब्दही आधी वाचन या अर्थाचाच होता.

इस्लामी विद्येबरोबर काराकाल्पाकमध्ये ‘मेक्तेप’ (शाळा), ‘मुगल्लिम’ (शिक्षक), ‘किताप’ (पुस्तक) हे शब्द रुजले. त्यांतील ‘दॅप्तेर’ म्हणजे वही. कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निघून फारसी-अरबीच्या वाटेने फिरलेला हाच शब्द मराठीत ‘दप्तर’ होऊन आधी सरकारी कागदपत्रांना आणि पुढे शाळकरी मुलांच्या पिशवीला चिकटला. ‘तॅलिम’ म्हणजे शिक्षण. मराठी ‘तालीम’ मात्र आखाड्यात आणि नाटकाच्या सरावात रमली.

इंग्रजीत हेच काम चर्चच्या लॅटिनने आणि फ्रेंचभाषक नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या फ्रेंचने केले. ‘स्कूल’च्या मुळाशी फुरसत या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, तर ‘प्युपिल’ म्हणजे आधी पालकाच्या ताब्यातील पोरके मूल.

इंग्रजीला या घडामोडींसाठी अनेक शतके मिळाली. काराकाल्पाकला तेवढी उसंत लाभली नाही, आणि तिच्या परिभाषेचा विचार करताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल. अरबी लिपीच्या जागी 1928 मध्ये लॅटिन, 1940 मध्ये सिरिलिक (रशियनची) आणि 1990 च्या दशकात पुन्हा लॅटिन लिपी आली, म्हणजे एकाच घरातील आजी आणि नात यांचे पाठ्यपुस्तक वेगवेगळ्या अक्षरांत छापलेले असे. सोव्हिएत काळात ‘उनिव्हर्सितेत’ (विद्यापीठ), ‘फाकुल्तेत’ (विद्याशाखा), ‘लेक्त्सिया’ (व्याख्यान) हे मुळात लॅटिन असलेले शब्द रशियनमार्फत आले. काराकाल्पाकस्तानची राजधानी नुकूस येथे 1976 मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्यांचा वापर वाढला. 1997 च्या शिक्षणसुधारणांत ‘बाकालाव्र’ (पदवीधर), ‘मागिस्त्र’ (पदव्युत्तर पदवीधर) यांबरोबर ‘कोलेज’ हा मुळात लॅटिन, पण इंग्रजीमार्फत आलेला शब्दही रूढ झाला. वर्गात शिकवणाऱ्यासाठी अरबी ‘मुगल्लिम’ आणि तुर्की ‘ओकितिवशी’ हे दोन्ही शब्द आजही वापरात आहेत.