एक अक्षर, दोन फेऱ्या

व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) सुरू होताना सीरियल कन्सोलवर, म्हणजे संदेश अक्षर-अक्षर छापणाऱ्या पडद्यावर, ओळी धावतात, त्या फुकट येत नाहीत. मागे असते सीरियल पोर्ट चालवणाऱ्या जुन्या १६५५०ए चिपची सॉफ्टवेअरमधली नक्कल. खऱ्या चिपला ११५२०० बॉडवर (सेकंदाला तितके बिट) एका अक्षरासाठी सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. नक्कल सहसा हा वेग पाळतच नाही, त्यामुळे बॉड वाढवून फारसं काही हाती लागत नाही. वेळ खातात त्या गेस्टमधून (व्हर्च्युअल मशीनमधून) होस्टकडे (ते चालवणाऱ्या खऱ्या मशीनकडे) होणाऱ्या फेऱ्या, म्हणजे 'एक्झिट'.

गेस्टमधला लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आधी चिपची स्थिती सांगणारा ३एफडी (हेक्स) पोर्ट वाचून 'जागा आहे का?' असं विचारतो, मग ३एफ८ वर अक्षर लिहितो. दोन्ही वेळा गेस्ट थांबतो आणि काम होस्टकडे, मशीन चालवणारा प्रोग्राम क्यूईएमयू असेल तर थेट त्याच्यापर्यंत जातं. गंमत अशी की या नकली चिपमध्ये जागा जवळपास नेहमीच असते! ८० अक्षरांच्या ओळीला १६० फेऱ्या. अशा ५०० ओळी आल्या आणि फेरीला ५ मायक्रोसेकंद धरले, तर ०.४ सेकंद नुसत्या छपाईत गेले. अलीकडचे कर्नल चिपमधल्या १६ अक्षरांच्या रांगेमागे (फिफो) एकदाच विचारतात, म्हणजे ३२ फेऱ्यांच्या जागी १७.

आधी मोजा. होस्टवर 'पर्फ केव्हीएम स्टॅट' ही एक्झिट मोजणारी आज्ञा चालवून अहवालात आयओपोर्टच्या घटना पाहा. ३एफडी आणि ३एफ८ वरच्या स्थानी दिसले, तर दुखणं इथेच आहे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बूट ओळीत, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांत, 'क्वायट'. मग कन्सोलवर फक्त ० ते ३ पातळीचे, म्हणजे गंभीर संदेश येतात. बाकीचे कर्नलच्या बफरमध्ये राहतात आणि 'डीमेसेज'ने वाचता येतात. चालू मशीनवर 'डीमेसेज -एन ४' हेच काम करतं.

पूर्ण लॉग हवाच असेल तर कन्सोल व्हर्टआयओवर (खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेली उपकरणं), म्हणजे एचव्हीसी० या नावाच्या कन्सोलवर न्या. तिथे अक्षरांचा तुकडा सामायिक मेमरीत ठेवून होस्टला एकदाच हाक मारली जाते. हमखास चूक होते ती इथे: नवा कन्सोल जोडला, पण बूट ओळीतला टीटीवायएस०, म्हणजे जुना सीरियल कन्सोल, तसाच राहिला. कर्नल प्रत्येक संदेश दोन्हीकडे छापतो आणि जुना खर्च जागच्या जागी राहतो.

शिवाय व्हर्टआयओचा ड्रायव्हर उशिरा जागा होतो. मशीन त्याआधीच कोसळलं तर पडदा कोराच. तपासापुरता 'अर्लीप्रिंटके', म्हणजे अगदी सुरुवातीपासून छापणारा तात्पुरता कन्सोल, सीरियलवर लावा. खरा कन्सोल येताच तो आपोआप बंद होतो. त्याला 'कीप' मात्र जोडू नका, नाहीतर तो शेवटपर्यंत एकेक अक्षर छापत बसेल.