चेताजन्य गिळणदोष

मेंदू, चेता (मज्जातंतू) किंवा स्नायू यांच्या आजारामुळे घास अथवा घोट जठरापर्यंत सुरळीत न पोहोचणे म्हणजे चेताजन्य गिळणदोष. वैद्यकात त्याला न्यूरोजेनिक डिसफेजिया म्हणतात. घशातील गाठीमुळे किंवा अन्ननलिका अरुंद झाल्याने होणारा त्रास यात मोडत नाही. येथे वाट मोकळी असते, बिघडतो तो स्नायूंचा ताळमेळ.

घास चावून मागे ढकलणे आपल्या हाती असते. पुढचे काम मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा सांभाळते. घास घशात येताच मऊ टाळू उचलली जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर-पुढे सरकते, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे जेमतेम एका सेकंदात घडते. म्हणूनच पुष्कळ रुग्णांना घट्ट घासापेक्षा साधे पाणी अवघड जाते. ते इतक्या झटकन घरंगळते की मंदावलेल्या स्नायूंना श्वासमार्ग मिटायला वेळच मिळत नाही.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना हा त्रास होतो. अनेकांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते, कारण मेंदूचा शाबूत अर्धा भाग हे काम हळूहळू उचलतो. कंपवातात लाळ गळते ती बहुधा जास्त तयार होते म्हणून नव्हे, तर गिळण्याची वारंवारता घटते म्हणून. मायस्थेनिया ग्रेव्हिस या, वापरताच स्नायू थकवणाऱ्या आजारात जेवणाचा आरंभ ठीक होतो आणि शेवटच्या घासांना जबडा-घसा थकतो. स्मृतिभ्रंशात घास तोंडात तसाच राहतो, गिळायचा असतो हेच सुचत नाही. स्नायूंना हालवणाऱ्या चेतापेशी झिजत जाणाऱ्या मोटर न्यूरॉन आजारात दोष वाढतच जातो.

जेवताना ठसका, खाल्ल्यावर घोगरा-ओला आवाज, लांबत जाणारे जेवण, घटते वजन, वारंवार येणारा ताप ही लक्षणे. मात्र ‘ठसका लागत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा समज जिवावर बेतू शकतो. घशाची संवेदना बोथट झाली की अन्न श्वासनलिकेत उतरूनही खोकला येत नाही. याला मूक अंतर्गमन म्हणतात, आणि न्यूमोनिया झाल्यावरच ते अनेकदा ध्यानात येते. ते पकडण्यासाठी क्ष-किरणांत दिसणारे बेरियम मिसळलेले अन्न गिळताना क्ष-किरणांची चलचित्रे घेतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात.

वाचा व गिळण उपचारतज्ज्ञ रुग्णागणिक उपाय ठरवतात. पाठ ताठ ठेवून बसणे, लहान घास आणि काहींना हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे उपयोगी पडते. तीच झुकलेली मान दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते, म्हणून तपासणीविना अनुकरण नको. अन्न-पेयांच्या दाटपणाची ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. दाट केलेले पेय सावकाश उतरते, पण ते नकोसे वाटून रुग्ण कमी पितो आणि शरीरातील पाणी घटते. दात-जिभेच्या स्वच्छतेकडे घरचे सहसा दुर्लक्ष करतात. वास्तविक फुप्फुसात उतरणारी लाळ जंतूंनी भरलेली असेल तर न्यूमोनियाचा धोका वाढतो.

तोंडाने पुरेसे पोषण होत नसेल तर नाकातून नळी घालतात. दीर्घकाळ गरज असल्यास पोटावरून थेट जठरात नळी बसवतात. नळीमुळे लाळेचे अंतर्गमन थांबत नाही. प्रगत स्मृतिभ्रंशात तर तिने आयुष्य वाढत असल्याचा पुरावाही नाही. तेथे सावकाश, हाताने प्रेमाने भरवणेच अधिक योग्य मानले जाते.