हालचालीची मर्यादा असलेल्यांशी वागण्याचे शिष्टाचार (मुंबई)

कुबडी, कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा), कृत्रिम पाय, वॉकर किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्यांशी घरी-दारी आदराने वागण्याची रीत. मुंबईत माणसे मदतीला मागे नसतात. चुकते ते न विचारता केलेल्या मदतीने. लोकलच्या दारात अनोळखी माणसाला हात देऊन आत ओढणे हा इथला सद्गुण. पण तोच हात कुबडीवर तोल सांभाळणाऱ्याच्या दंडाला पडला, की कुबडी जमिनीवरून सुटते आणि माणूस कोलमडतो. म्हणून आधी ‘हात देऊ का?’ असे विचारावे. ‘नको’ म्हटल्यास वाट मोकळी करावी. ‘हो’ म्हटल्यास आपला खांदा पुढे करावा, धरायचे कुठे ते त्यांना ठरवू द्यावे. व्हीलचेअर हे लग्नाच्या हॉलमध्ये पिशव्या अडकवायचे खुंटाळे नव्हे. फुटपाथवरून ती उतरवताना पाठमोरी, मोठी चाके आधी, अशी उतरवतात. सरळ ढकलली तर बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते.

उपनगरी गाड्यांत दिव्यांग व कर्करुग्णांसाठी राखीव डबा असतो. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात चढायचे, तर दार अडवून उभा असलेला धडधाकट प्रवासी गाडी-फलाटामधल्या फटीपेक्षा जड जातो. मात्र या डब्यात चार पावले नीट चालणाऱ्याचे गुडघेही निकामी असू शकतात, तेव्हा सहप्रवाशांनी चारचौघांत उलटतपासणी घेऊ नये.

‘यांना काय दाखवू?’ असे दुकानदाराने सोबत्याला विचारणे नित्याचेच. बोलायचे ते थेट त्या व्यक्तीशी, आणि बोलणे लांबणार असेल तर आपणही बसून. ‘काय झालं होतं हो?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत टाळावा.

‘चपला बाहेर काढा’ हा घरातला साधा नियमही तपासून पाहावा लागतो. कॅलिपर बऱ्याचदा बुटाला जोडलेले असते. अशा वेळी ‘बूट काढा’ म्हणजे ‘उभे राहू नका’ म्हणण्यासारखेच. जयपूर फूट हा कृत्रिम पाय मात्र अनवाणी चालता येईल असाच घडवलेला आहे.

‘लंगडा’, ‘पांगळा’ हे शब्द शिष्ट बोलण्यातून गेले. ‘दिव्यांग’ हा सरकारी शब्द. त्यातले दैवी कौतुक काहींना खटकते, ते ‘अपंग’च म्हणवून घेतात. समोरचा जो वापरेल तो आपण वापरावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 92 नुसार लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा असून त्याला 6 महिने ते 5 वर्षे कैद व दंड आहे.

घरी बोलावताना ‘लिफ्ट आहे’ एवढेच सांगू नये. जुन्या इमारतींत ती बऱ्याचदा चार-पाच पायऱ्या चढून गेल्यावर लागते.