सोनेगावचं ऊन आणि विमानाची धाव

मे 2024 च्या अखेरीस ‘नागपुरात 56 अंश’ ही बातमी देशभर फिरली. आकडा एका स्वयंचलित केंद्राचा होता आणि सेन्सर सदोष निघाला. हवामान खात्याने खुलासाही केला, पण खुलासे कोण फॉरवर्ड करतं? हवामान खात्याची नागपूरची मुख्य वेधशाळा सोनेगावला, विमानतळाला लागूनच आहे. तिथला पारा 45 वर गेला तरी वैमानिकाला हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आधी एक घोळ मिटवू. नागपूरच्या वायुसेना नगरात धावपट्टी असेल असं बाहेरगावच्या पाहुण्यांना हमखास वाटतं. तिथे आहे ते हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. नाशिकजवळच्या ओझरसारखे दुरुस्ती डेपो त्याच्या अखत्यारीत येतात. विमानं उडतात ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, वर्धा रोडवरच्या सोनेगावहून. हा तळ पहिल्या महायुद्धाच्या काळातला. 1949 पासून इथे रात्रीच्या हवाई टपालाचा मेळा भरायचा: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरत, थैल्यांची अदलाबदल करत आणि परत फिरत. आज 3200 मीटरची धावपट्टी हवाई दल आणि प्रवासी विमानं वाटून घेतात.

आता उन्हाकडे. ‘गरम हवा वर जाते, म्हणजे उन्हाळ्यात विमान लवकर उचलत असेल’ हा तर्क फुग्याला लागू पडतो, विमानाला उलटा. विमानाला उचलणारं बल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. जानेवारीच्या पहाटे 10 अंशांना सोनेगावच्या एक घनमीटर हवेत साधारण 1.20 किलो वस्तुमान असतं. 45 अंशांना ते 1.07 च्या आसपास येतं. म्हणजे सुमारे 11 टक्के तूट. तेवढंच वजन उचलायला वेगाचा वर्ग 12 टक्क्यांनी वाढायला हवा. शाळेतलं सूत्र आठवा: त्या वेगापर्यंत पोचायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. इथे वर्ग वाढला आणि त्वरण घटलं, कारण जेट इंजिनाच्या तोंडातही तीच विरळ हवा जाते. दोन्ही मिळून धाव सव्वापट होते. पहाटे 1600 मीटर पुरत असतील तर दुपारी 2000 लागतील.

गंमत अशी की, कॉकपिटमधल्या वेगदर्शक काट्याला हे कळत नाही. तो समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब मोजतो, त्यामुळे पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा विमान त्याच आकड्यावर उचलतं. जमिनीवर चाकं मात्र दुपारी 6 टक्के जास्त वेगाने फिरत असतात, तीही तापलेल्या डांबरावर. टायरलाही वेगाची मर्यादा असतेच.

हवा जितकी विरळ, तितक्या उंचावर असल्यासारखं विमान वागतं. या भासमान उंचीलाच वैमानिक ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ म्हणतात. सोनेगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 315 मीटरवर, पण 45 अंशांना विमानाच्या लेखी ते 1500 मीटरवर जातं, चिखलदऱ्याच्याही वर! फक्त तिथला गारवा मिळत नाही.

हवाई दलाचं मालवाहू ‘गजराज’ म्हणजे इल्युशिन-76 घ्या: चार इंजिनं, वीस चाकं, पूर्ण भरलं की 190 टन. अशा विमानाला सव्वापट धाव म्हणजे मोठा सौदा. समजा, अर्ध्याअधिक धावेत एखादं इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या पट्टीत थांबता यायला हवं, नाहीतर तीन इंजिनांवर उडता यायला हवं. म्हणून निघण्यापूर्वी तापमान, वारा आणि वजन तक्त्यात घालून पाहतात. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागला की नाही, हा रकाना त्या तक्त्यात नसतो. आकडा जमला नाही तर माल उतरवायचा, इंधन कमी भरून वाटेत पुन्हा घ्यायचं, नाहीतर सरळ संध्याकाळची वाट पाहायची.